चिकलठाण्याच्या माळावरचे ‘मेल्ट्रॉन’

संस्थेचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम कोनशिला शोधतो. ती कोणी बसविली, कोणत्या तिथीस बसविली, समारंभास कोण कोण मान्यवर उपस्थित होते, देणगीदारांनी किती रकमा जाहीर केल्या आणि त्यांतल्या प्रत्यक्षात किती वसूल झाल्या, या तपशिलाने पहिली दोन पाने सहज भरतात, आणि लेखकास आपण भक्कम जमिनीवर उभे आहोत असा दिलासा मिळतो. ज्या रुग्णालयाचा वृत्तांत या स्मरणिकेसाठी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, त्याला रुग्णालय म्हणून अशी कोनशिलाच नाही. ते कोणी संकल्प सोडून स्थापन केले नाही, वर्गणी गोळा करून उभारले नाही. एका बंद पडलेल्या सरकारी उद्योगाच्या इमारतीत, महामारीच्या पहिल्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांच्या निकडीतून ते उभे राहिले. आणि त्याचे नावही कोणी ठेवले नाही, इमारतीचे जुने नावच लोकांनी रुग्णालयाला चिकटवून टाकले. म्हणून या इतिहासाचा आरंभ रुग्णालयापासून न करता जागेपासून करणे मला प्राप्त आहे.

आमच्या शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जागेच्या नावाने दवाखाना ओळखण्याची रीत जुनी आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय हे लांबलचक नाव दप्तरात राहिले. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत, शिवाय बुलढाण्याच्या आणि नगरच्या सीमेवरील गावांत, लोक केवळ ‘घाटी’ म्हणतात. ‘घाटीत नेलंय’ एवढे दोन शब्द एखाद्या वाडीवर पोचले की पुढचे काही विचारावे लागत नाही; घरची माणसे भाकरी बांधून घेतात, कोणी शेजाऱ्याकडून पैसे घेतो, आणि पहिल्या एस.टी.ने सर्व निघतात. हे महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले. हैदराबाद राज्याचे ते शेवटचे वर्ष होते; त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. निजामी अमलाचा वारसा सांगणारा, रेल्वे आणि शिक्षण यांबाबत मागे ठेवलेला हा मुलूख. त्याला आपले डॉक्टर आपल्याच भूमीत घडविण्याची सोय प्रथम येथे मिळाली, आणि ती मिळाली तीही पाणचक्कीच्या शेजारी, जेथे अठराव्या शतकात डोंगरातून खापरी नळांनी पाणी आणून फकिरांच्या व यात्रेकरूंच्या अन्नासाठी दळण दळले जात असे. आल्यागेल्याची सोय पाहणारी जागा आल्यागेल्या रुग्णाची सोय पाहणाऱ्या जागेच्या शेजारी यावी, हा योगायोग मला फार भावतो.

घाटी शहराच्या पश्चिमेकडे, तर चिकलठाणे पूर्वेस, जालना रस्त्यावर. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली तेव्हापासून शहराची वस्ती नहरींच्या पाण्याच्या आधाराने वाढली. चिकलठाण्याचा माळ त्या वस्तीच्या बराच बाहेर, ज्वारीबाजरीचा आणि कपाशीचा. मोकळ्या, सपाट माळाला विसाव्या शतकाने जी दोन कामे दिली ती दोन्ही येथे एकमेकांसमोर येऊन बसली. रस्त्याच्या एका अंगास विमानतळ, दुसऱ्या अंगास औद्योगिक वसाहत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि पुढच्या काही दशकांत रेल्वे स्टेशन, चिकलठाणे, वाळूज अशी एकेक वसाहत उभी राहून, वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या प्रवाशांचा मुक्काम एवढीच ज्याची बाहेर ओळख होती, ते शहर कामगारांचे शहर झाले. सकाळच्या पाळीला मुकुंदवाडीच्या रस्त्याने सायकलींची जी रांग लागे, हँडलला अडकविलेले डबे ज्या तालात हलत, ते दृश्य माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढून जात नाही.

याच वसाहतीत ‘मेल्ट्रॉन’ आले. महाराष्ट्र इलेक्ट्रॉनिक्स महामंडळ राज्य शासनाने १९७८ साली स्थापन केले, आणि त्याचे हे सुटसुटीत नाव लोकांच्या तोंडी बसले. तो काळ इलेक्ट्रॉनिक्स या शब्दाला भविष्याचा वास असण्याचा होता. गावात दूरचित्रवाणीचा पहिला संच आला की अख्खी आळी त्या घरी लोटे. अशा काळात मराठवाड्यातील मुलाने आय.टी.आय.चा दाखला घेऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला जावे, ही घरच्यांना तहसीलातील नोकरीइतकीच अभिमानाची गोष्ट वाटे. पुढे १९९१ नंतर परदेशी मालाची दारे उघडली, तंत्र दर दोनतीन वर्षांनी पालटू लागले, आणि देशभरच्या राज्य-महामंडळांच्या अशा उद्योगांचा टिकाव लागणे कठीण झाले. चिकलठाण्याची इमारतही थंडावली. कारखाना बंद होतो म्हणजे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही: भोंगा थांबतो, मग गेटावरचा चहावाला आपली टपरी हलवितो, मग कुंपणाला वेली चढतात, आणि शेवटी रस्त्याने जाणाऱ्या मुलाला वडील सांगतात की येथे पूर्वी काही तरी होते. नाव मात्र खांबाप्रमाणे उभे राहते. रिक्षावाले थांबा सांगताना ‘मेल्ट्रॉन’ म्हणत राहिले.

रस्त्याच्या पलीकडच्या धावपट्टीचा या कथेशी संबंध काय, असे कोणी विचारील. मला तर तो संबंध प्रथम तेथेच दिसला. २६ एप्रिल १९९३ ची ती दुपार. दिल्लीहून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करीत मुंबईस जाणारे इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान एकच्या सुमारास चिकलठाण्याहून पूर्वेकडे उडाले. त्यात ११८ माणसे होती. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडकडे जाणारा रस्ता होता, आणि नेमक्या त्या क्षणी त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमान वेळेत पुरेसे उचलले गेले नाही; ते त्या ट्रकला धडकले, तसेच लंगडत काही मैल गेले, उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागले आणि शेतात कोसळले. ५५ जण गेले, ६३ वाचले. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्याचा ठपका आला, तसाच उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक रोखण्याची व्यवस्था नव्हती, हेही नमूद झाले. मी त्या दिवशी मुकुंदवाडीच्या नाक्यावर उभा होतो. ज्यांना जे वाहन मिळेल त्यात जखमींना घालून लोक शहराकडे नेत होते. जीपा, टेम्पो, मालाच्या गाड्या. एका टेम्पोच्या फाळक्याला धरून एक शेतकरी उभा होता, त्याच्या धोतराला कापसाचे पांढरे पुंजके चिकटलेले होते, आणि तो सारखा ‘बाजूला व्हा, बाजूला व्हा’ एवढेच म्हणत होता. आकाशातून पडलेल्या माणसांना रुग्णालयापर्यंत पोचविण्यासाठी त्या दुपारी आमच्याकडे शेवटी रस्ताच होता, आणि त्या रस्त्यावर माणसांची माणुसकी होती.

आज आपण १०८ क्रमांक फिरवितो आणि रुग्णवाहिका येते, याची सवय इतकी झाली आहे की ही सेवा राज्यात २०१४ साली, ९३७ वाहनांनिशी, सुरू झाली हे आठवावे लागते. १९९३ साली तिचे नावही नव्हते.

त्याच धावपट्टीवरून पुढे उलट्या दिशेचाही एक प्रवास झाला, आणि तो नोंदविल्यावाचून चिकलठाण्याचा वैद्यकीय इतिहास अपुरा राहील. जानेवारी २०१६ मध्ये मराठवाड्यातील पहिले मेंदूमृत दात्याचे अवयवदान या शहरात झाले, आणि दात्याचे हृदय विमानाने मुंबईस पोचविण्यात आले. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या शरीरात धडधडू लागावे लागते. यकृताला वा मूत्रपिंडाला मिळते तेवढी सवड त्याला नाही. म्हणून पोलिसांनी जालना रस्ता अडविला, चौकांतले दिवे बाजूला ठेवून शिपाई उभे केले, आणि एरवी गर्दीत रेंगाळणारे ते अंतर रुग्णवाहिकेने मिनिटांत तोडले. तेवीस वर्षांपूर्वी ज्या रस्त्याने जखमी शहराकडे आले होते, त्याच रस्त्याने त्या दिवशी एक जिवंत हृदय विमानाकडे गेले.

जगातील मोठ्या शहरांनी अशी वेळ वाचविण्यासाठी रुग्णालयाच्या डोक्यावरच हेलिकॉप्टरचा तळ बांधला. लंडनचे रॉयल लंडन रुग्णालय १७४० साली स्थापन झाले आणि १७५७ पासून व्हाइटचॅपल रस्त्यावरील आपल्या वास्तूत रुग्ण घेऊ लागले. १९९० साली त्याच्या छतावर हेलिकॉप्टर उतरू लागले. त्या सेवेचे मर्म असे की हेलिकॉप्टर रुग्णाला आणण्याआधी डॉक्टरला रुग्णाकडे नेते. अपघाताच्या जागीच, रस्त्याच्या कडेला, जे करावयाचे ते केले जाते, आणि पुष्कळदा रुग्ण पुढे रुग्णवाहिकेनेच रुग्णालयात येतो. नवी इमारत २०१२ मध्ये सुरू झाली, हेलिकॉप्टरचा तळ तिच्या सतराव्या मजल्यावर गेला, जुन्या छतावरचा मुक्काम संपला. आणि अडीच शतकांहून अधिक काळ रुग्णांचे कण्हणे ऐकलेली जुनी दर्शनी वास्तू डागडुजी होऊन २०२३ मध्ये तेथील नगरपालिकेचे कार्यालय झाली. जेथे केसपेपर निघत तेथे आज कराची चौकशी होते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहराची कथा याहून विलक्षण. तेथील जुने रॉयल ॲडलेड रुग्णालय २०१७ साली बंद होऊन दुसऱ्या जागी गेले. ज्या आवारात जखमींना घेऊन हेलिकॉप्टर येत असे, ते आवार नव्या उद्योगांना दिले गेले, आणि त्यातल्याच एका जुन्या इमारतीत २०२० पासून त्या देशाच्या अंतराळ संस्थेचे मुख्यालय आहे. आकाशाशी असलेले त्या जागेचे नाते तुटले नाही. फक्त ते पुष्कळ उंच गेले.

ही परदेशची उदाहरणे मी येथे आणली ती तुलनेच्या हौसेने नव्हे. रुग्णालय बंद झाल्यावर त्या जागेचे काय होते, हा प्रश्न त्या शहरांपुढे आला. आमच्यापुढे प्रश्न उलट्या बाजूने आला: बंद पडलेल्या जागेचे रुग्णालय होऊ शकते काय, आणि तेही किती दिवसांत?

मार्च २०२० मध्ये शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि बराही झाला. त्या बातमीने जे हायसे वाटले ते फार दिवस टिकले नाही. एप्रिलमध्ये मृत्यूंची सुरुवात झाली, मे उजाडला तो जुन्या शहराच्या गल्ल्यांतून रोज वाढणारे आकडे घेऊन. चिकलठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला लोकांनी केव्हाच ‘मिनी घाटी’ करून टाकले होते, ते संपूर्ण कोरोनासाठी राखले गेले. घाटीची नवी सुपरस्पेशालिटी इमारत, जी हृदयाच्या आणि मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी बांधली होती, ती श्वासासाठी झगडणाऱ्यांच्या स्वाधीन झाली. तरीही खाटा अपुऱ्या पडणार हे उघड दिसत होते. त्याच मे महिन्याच्या ८ तारखेस, चिकलठाण्याच्या पुढे करमाडजवळ, जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले आणि थकून रुळांवरच निजलेले १६ मजूर पहाटे मालगाडीखाली गेले. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या. महामारीने मारलेल्यांच्या यादीत त्यांची नावे नाहीत. परंतु या परिसराचा त्या वर्षाचा इतिहास लिहिताना त्यांना ओलांडून पुढे जाण्याचे धैर्य मला होत नाही.

मेल्ट्रॉनची इमारत निवडली गेली ती तिच्या जागेमुळे आणि मोकळेपणामुळे. दाट वस्तीपासून ती दूर होती, जालना रस्त्याशी जोडलेली होती, मिनी घाटी जवळच होती, वीजपाण्याची जोडणी औद्योगिक वसाहतीच्या हिशेबाची होती. राज्याचे उद्योगमंत्री सुभाष देसाई हेच त्या वेळी जिल्ह्याचे पालकमंत्री होते. औद्योगिक विकास महामंडळाने काम अंगावर घेतले, भिंती घासल्या गेल्या, प्रसाधनगृहे बांधली गेली, भिंतीतून प्राणवायूच्या तांब्याच्या नळ्या फिरल्या, आणि सुमारे अडीचशे खाटांचे रुग्णालय महानगरपालिकेच्या हवाली झाले. १२ जून २०२० रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबईहून दूरदृश्य प्रणालीने त्याचे लोकार्पण केले. त्याच दिवशी विद्यापीठातील कोरोना चाचणीच्या प्रयोगशाळेचेही झाले. उद्घाटनाला मंडप नव्हता, हारतुरे नव्हते, टाळ्या वाजवावयास गर्दी नव्हती. मला ते योग्यच वाटले. टाळ्या वाजवण्याची वेळ ती नव्हती.

ज्यांनी ते दिवस आतून पाहिले नाहीत त्यांच्यासाठी प्राणवायूच्या कामाचे थोडे वर्णन करणे अवश्य आहे, कारण त्या दोन वर्षांत या रुग्णालयाचे खरे काम हेच होते. वॉर्डात रुग्णाच्या उशाशी जो लहान काचेचा मापक असतो, त्यातील गोळी मिनिटाला किती लिटर वायू जातो ते दाखविते. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या एका रुग्णास ताशी सहाशे लिटर लागतात. ज्याला आपण मोठे सिलिंडर म्हणतो त्यात सुमारे सात हजार लिटर वायू भरतो. म्हणजे एका माणसाला ते अकरा-बारा तास पुरते. पण नाकाद्वारे वेगाने वायू सोडणाऱ्या यंत्रावर गेलेल्या रुग्णास मिनिटाला साठ लिटरपर्यंत लागू शकतात, आणि तेच सिलिंडर दोन तासांच्या आत रिते होते. असे दहा रुग्ण एका मजल्यावर असले की रात्रभर सिलिंडर बदलणाऱ्या माणसाने बसावयाचे केव्हा? म्हणून द्रवरूप प्राणवायूच्या टाक्यांचे महत्त्व. उणे १८३ अंशांवर द्रव झालेला प्राणवायू एक लिटर घेतला तर त्याचे आठशेहून अधिक लिटर वायूत रूपांतर होते. टाकीपासून निघालेल्या नळीवर भर उन्हाळ्यात पांढरे बर्फ जमते. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा राज्यभर टँकरची वाट पाहण्यात रात्री गेल्या, आणि कोणता टँकर कोठवर आला हे विचारणे हा कित्येक अधिकाऱ्यांचा आणि नातेवाइकांचा एकमेव उद्योग झाला.

सिलिंडर उचलून नेत नाहीत, हे मी तेव्हा शिकलो. ते किंचित तिरके करून त्याच्या बुडाच्या कडेवर फिरवीत नेतात, एका हाताने माथा धरून दुसऱ्याने वळवीत. त्या लोखंडी कडेचा फरशीवर घर्र्र असा एकसुरी आवाज होतो. माझे थोरले बंधू सप्टेंबर २०२० मध्ये येथे तेरा दिवस होते. पुढे कित्येक महिने आमच्या घरी कोणी गॅसचे सिलिंडर जिन्यातून वर आणले की ते उठून बसत, आणि आवाज थांबेपर्यंत काही बोलत नसत.

नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. गेटाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली, आम्ही उभे राहत असू: कोणी डबा घेऊन, कोणी औषध घेऊन, कोणी नुसताच. डब्यावर नाव, खाट आणि मजला लिहिलेली चिठ्ठी चिकटविलेली असे. पावसाने शाई फुटू नये म्हणून माझी वहिनी चिठ्ठीवर चिकटपट्टी लावी. आतले वृत्त दूरध्वनीने येई. एका परिचारिकेचा आवाज मला अजून ओळखता येईल. ती माझ्या मुलीच्या वयाची असावी. ‘काका, आजोबांनी आज अर्धी पोळी खाल्ली,’ ती म्हणाली, ‘आणि सकाळपेक्षा वायू थोडा कमी केलाय.’ मी तिचे नाव विचारले. तिने सांगितले, पण पीपीईच्या आवरणाआडून ते नीट कळले नाही, आणि पुन्हा विचारावयाचा मला संकोच वाटला. बरे होऊन घरी आल्यावर दादांनाही सांगता येईना. त्यांनी तेरा दिवसांत तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता, फक्त पाठीवर स्केचपेनने लिहिलेले अक्षर पाहिले होते. त्या आवरणात सगळे सारखेच दिसत, म्हणून एकमेकांना ओळखण्यासाठी कर्मचारी पाठीवर नावे लिहीत. दादांना आठवते ते एवढेच, की अक्षर गोल होते.

या स्मरणिकेत डॉक्टरांची, परिचारिकांची, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांची नावे आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. माझी एक विनंती संपादकांनी मान्य केली, याचे मला समाधान आहे: ज्यांनी मजले पुसले, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या बांधून खाली नेल्या, मृतदेह गुंडाळले आणि शेवटच्या प्रवासाच्या गाडीत ठेवले, त्यांच्यापैकी पुष्कळ जण कंत्राटी होते आणि लाट ओसरल्यावर त्यांचे कामही संपले, त्यांच्यासाठी हजेरीपटावरून नावे काढून स्वतंत्र पान ठेवले आहे. महामारीत ज्यांना रात्री दोन वाजता हाक मारली त्यांना पुस्तकात जागा नसणे हे मला सहन झाले नसते.

दुसरी लाट ओसरली, तिसरी आली ती सौम्य होती. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत खाटा रिकाम्या होत गेल्या. जी इमारत एकदा कामगारांअभावी रिकामी झाली होती, ती आता रुग्णांअभावी रिकामी होत होती. आणि या दुसऱ्या रितेपणाचे स्वागत ज्या मनःपूर्वकतेने झाले तसे क्वचितच एखाद्या जागेच्या नशिबी येते. या रुग्णालयात झालेल्या खर्चाचा आणि साहित्याचा हिशेब पालिकेच्या दप्तरात आहे. तो या लेखाचा विषय नव्हे. मला वाटते ते इतकेच, की तेथे बसविलेल्या नळ्या, घेतलेला अनुभव आणि तयार झालेली माणसे ही शहराची मिळकत आहे, आणि मिळकतीची देखभाल करावी लागते. घाटीवर मराठवाड्याचा जो अतोनात भार आहे तो पाहता पूर्वेकडे सार्वजनिक रुग्णसेवेची जितकी ठाणी सुदृढ राहतील तितके या शहराचे भले आहे. संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय हा पूर्वी प्रत्येक मोठ्या नगरपालिकेचा आवश्यक विभाग असे. पटकी, प्लेग, देवी यांच्या आठवणी मावळल्या तसतशी या रुग्णालयांची आठवणही मावळली, आणि २०२० साली राज्यातील शहरोशहरी ती एका महिन्यात नव्याने उभारावी लागली.

जुन्या मेल्ट्रॉनमध्ये काम केलेले एक गृहस्थ, आता निवृत्त, माझ्याबरोबर एकदा त्या गेटावर आले होते. आत जाण्याची त्यांना फारशी इच्छा नव्हती. बाहेरूनच इमारतीकडे बोट करून ते आपला विभाग कोणत्या मजल्यावर होता, दुपारच्या पाळीला खिडकीतून ऊन कोणत्या टेबलावर येई, बारीक तारा जोडताना दिव्याची कशी गरज लागे, हे सांगत राहिले. मग त्यांनी विचारले, ‘तुमचे दादा कोणत्या मजल्यावर होते?’ मी सांगितले. ‘तिथेच,’ ते म्हणाले, आणि काही वेळ गप्प उभे राहिले.

दादांचा घरी सोडल्याचा कागद मी जपून ठेवला आहे. वर महानगरपालिकेचे छापील नाव आहे, खाली रुग्णाचे नाव, वय, दाखल दिनांक, मुक्ततेचा दिनांक. औषधांच्या रकान्याखाली, आठवड्याने फेरतपासणीस कोठे यावे यासाठी सोडलेल्या रिकाम्या ओळीवर, निळ्या शाईने, घाईत, गोल अक्षरात एकच शब्द लिहिलेला आहे: मेल्ट्रॉन.